ड्रुपल ८ चा बीटा थेट लाइव्ह साइटला वापरावा का?

राजारामपुरी_वेब, जून २०१५

नमस्कार मंडळी, सल्ला पाहिजे. इथल्या, म्हणजे कोल्हापुरातल्या, एका साप्ताहिकाची वेबसाइट करायचं काम मिळालंय. बातम्या, मार्केट यार्डातले गुळाचे सौदे आणि पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी, हे सगळं रोज टाकायचं, आणि मराठी इंग्रजी दोन्हीत, कारण बाहेर नोकरीला गेलेल्या लोकांची पोरंपण वाचतील असं संपादक म्हणतात. मी लॅपटॉपवर ड्रुपल (वेबसाइट बांधायची प्रणाली) ८ चा बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, टाकून बघितला आणि खरंच लई आवडला. व्ह्यूज (याद्या, तक्ते बनवायचं साधन) कोअरमध्ये म्हणजे मूळ ड्रुपलमध्येच, एडिटर कोअरमध्ये, भाषांतराचंपण कोअरमध्येच, ड्रुपल सातमध्ये ह्यासाठी किती मॉड्यूल (वरनं जोडायचे भाग) गोळा करायला लागतात ते तुम्हाला माहीतच आहे. दोन दिवसांत सौद्यांचा तक्ता दोन्ही भाषांत उभा राहिला.

पण पहिला बीटा आला ऑक्टोबर २०१४ ला, आता जून लागला, फायनलची तारीख नाही. साइट जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू करायची आहे. सातमध्ये केली तर वर्ष-दोन वर्षांत परत सगळं करायचं आणि त्याचे पैसे कुणाकडं मागायचे? की बीटावरच सुरू करू? कुणी केलंय का?

उद्यमनगरकर

मी केलंय. एका फौंड्रीची साइट आहे, पाच पानं आणि चौकशीचा फॉर्म. फेब्रुवारीपासून बीटावर चालू आहे, काही त्रास नाही. नवा बीटा आला की जुनं पुसून नव्यानं इन्स्टॉल करतो आणि पानं हातानं परत टाकतो, तासाभराचं काम. कर सुरू भावा.

पंचगंगाकाठ

उद्यमनगरकर, पाच पानांना ते चालतंय, पण ह्याच्याकडं रोज सौदे चढणार, दोन भाषांत, महिन्याभरात शेकडो नोंदी होतील, त्या पुसून परत कोण भरणार? बीटा म्हणजे आतल्या डेटाबेसची रचना अजून बदलती आहे. एका बीटावरनं पुढच्यावर जायचा रस्ता कोअरनं अजून दिलेला नाही. हेड टू हेड नावाचं एक मॉड्यूल आहे, काहीजण त्याच्यावर निभावतात, पण त्याच्या भरवशावर दुसऱ्याचा मजकूर मी ठेवणार नाही. आणि तारीख नाही म्हणतोस तर ड्रुपलवाल्यांचा नियमच असा आहे की क्रिटिकल बग, म्हणजे गंभीर चुका, शून्यावर आले की मग रिलीज कँडिडेट, म्हणजे फायनलच्या आधीची आवृत्ती. आकडा कमी होतो, परत वाढतो, तारीख देणार कशी.

मला खरी भीती वेगळीच आहे. गेल्या १५ ऑक्टोबरला ड्रुपल ७.३२ आलं ते आठवतंय का? एसक्यूएल इंजेक्शनचं (बाहेरनं डेटाबेसला हुकूम घुसवायचं) भोक, लॉगिनशिवाय आत शिरता यायचं. नंतर ड्रुपलच्या सिक्युरिटी टीमनं सांगितलं की सात तासांत पॅच, म्हणजे दुरुस्ती, लावला नसेल तर साइट फुटली असंच धरून चाला. आपल्या घड्याळात ते सात तास म्हणजे रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार. माझ्याकडं तेव्हा सातच्या चार साइट होत्या, फाइलमधली एक ओळ बदलायची होती, चारीत बदलली आणि झोपलो. बीटावर असं झालं तर दुरुस्तीसाठी पुढचा बीटा घ्यायचा आणि त्याच्याबरोबर बदललेली रचनापण पदरात पडणार. आणि टीमची जाहीर सूचना असते ती स्टेबल, म्हणजे पक्क्या आवृत्तीसाठी, बीटा त्यात धरतच नाहीत.

परत काम करायचं म्हणशील तर थीम (साइटचं रूप) नव्यानं करावीच लागणार, कारण आठमध्ये ट्विग ही नवी टेम्प्लेट पद्धत आलीय. पण मजकूर मायग्रेट ह्या मजकूर हलवायच्या मॉड्यूलनं नेता येईल, फक्त आत्ता बांधताना सौद्याचा दर, आवक, तारीख हे सगळं वेगवेगळ्या फील्डमध्ये ठेव, बॉडीत टेबल करून कोंबू नको. आणि आठला सर्व्हरवर पीएचपी (ड्रुपल ज्या भाषेत लिहिलंय ती) ५.५ लागतंय, त्या साप्ताहिकाचं होस्टिंग काय आहे ते आधी बघ.

बातमीटेबल

मी वेबसाइटवाली नाही, पेपरात काम करते, तरी लिहिते. बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका. २००५ च्या पुरात आमच्या ऑफिसचा फोन रात्रभर वाजत होता, लोक एवढंच विचारायचे की किती फूट झालं आणि गगनबावड्याचा रस्ता सुरू आहे का. आता ते लोक मोबाइलवर बघतात. रेडेडोह फुटला, म्हणजे नदीचं पाणी पात्राबाहेर पसरलं, म्हटलं की एकदम सगळे येतात. त्या रात्री साइटवर सकाळचाच आकडा अडकून राहिला तर काठावरचा माणूस जनावरं हलवायची का नाहीत ते त्याच आकड्यावर ठरवणार. तुमचं सात का आठ मला कळत नाही, पण रात्री दोनला फोन केला तर तुम्ही तासाभरात ते नीट करू शकाल का, एवढं बघा.

उद्यमनगरकर

ताई, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. फौंड्रीची साइट दोन दिवस बंद राहिली तरी कुणाचं अडत नाही. मी माझं "कर सुरू" मागं घेतो.

राजारामपुरी_वेब

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संपादकांना भेटून आलो. आत्ता सातमध्ये करायचं आणि आठ स्टेबल होऊन सहा महिने झाले की दुसरा टप्पा, त्याचे पैसे वेगळे, असं कागदावर लिहून घेतलं. ते लगेच हो म्हणाले, मीच उगीच घाबरत होतो. होस्टिंगपण बघितलं, पीएचपी ५.३ आहे, म्हणजे आठ तिथं चाललंच नसतं. बीटा लॅपटॉपवर ठेवलाय, मराठीत काही चुकीचं दिसलं तर बग नोंदवत जाईन.

आता एकच राहिलं. सातमध्ये भाषांतराला एन्टिटी ट्रान्सलेशन हे मॉड्यूल घेऊ का कोअरमधलं साधं, प्रत्येक भाषेला वेगळा नोड (मजकुराची नोंद)?

पंचगंगाकाठ

साधं घे. एन्टिटी ट्रान्सलेशनला मथळ्यासाठी टायटल मॉड्यूल वेगळं लावायला लागतंय, जेवढं कमी तेवढं पुढं न्यायला सोपं. आणि पाणीपातळीला भाषांतर लावूच नको, आकडा एकच ठेव, दोन्ही भाषांत तोच दिसू दे.