अभ्यंगाचं तेल बादलीतल्या पाण्यात मिसळण्यासाठी काय वापरावं?

अनुजा_स: दिवाळीला घरच्यांसाठी आणि ताईला द्यायला आंघोळीचं तेल करतेय. तिळाचं तेल आणि वाळ्याचं सुगंधी तेल. बादलीत चमचाभर घातलं की सगळं वर तरंगतं, बादलीला चिकटतं. पाण्यात विरघळावं असं काहीतरी सुचवा. बजेट 400 रुपये, त्याच्या वर नाही.

साबणवेडी: पॉलिसॉर्बेट 20 घ्या, तेल पाण्यात मिसळवणारा द्रव असतो. मी गुलाबाच्या स्प्रेमध्ये तेच घालते, पाणी काचेसारखं स्वच्छ. सोबत 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि हँड ब्लेंडर घ्याच, माझा ब्लेंडर 2200 चा, अजून नव्यासारखा.

रसायनवाला: पॉलिसॉर्बेट 20 हे सुगंधी तेलाच्या थेंबांसाठी ठीक. तिळासारख्या जड तेलाला पॉलिसॉर्बेट 80 घ्या. 100 ग्रॅमला तिळाचं तेल 74 ग्रॅम, पॉलिसॉर्बेट 80 हे 15 ग्रॅम, आयसोप्रोपिल मायरिस्टेट 10 ग्रॅम, वाळ्याचं तेल 1 ग्रॅम. मायरिस्टेट हे एस्टर, त्याने तेलाचा चिकटपणा कमी होतो, पण ते पाण्यात विरघळवत नाही. विरघळवायचं काम पॉलिसॉर्बेटचं. पाणी दुधाळ होईल, पारदर्शक नाही. आधी 10 ग्रॅम करून बघा, तळाशी थर बसला तर वापरताना बाटली हलवा.

हिरवंगार: दिवाळीच्या पहाटे अंगाला रसायनं? आमच्याकडे आजही उटणं आणि शिकेकाई.

रसायनवाला: शिकेकाईचा फेस म्हणजे सॅपोनिन, तेसुद्धा तेल पाण्यात मिसळतंच. आणि तेल पाण्यात मिसळवणारं पेग-40 हायड्रोजनेटेड कॅस्टर ऑइल तर एरंडेलापासून बनतं. एरंडी गुजरातेत पिकते.

हिरवंगार: मूळ एरंडेल असलं तरी कारखान्यातून काय होऊन बाहेर येतं ते महत्त्वाचं. मला पटत नाही.

कोथरूडची_माई: पॉलिसॉर्बेट 20 छान आहे. माझ्या जावेने घातलं होतं. पण अनुजा, फरशीकडे लक्ष दे हो. असल्या तेलाने आमच्या न्हाणीघरात ह्यांचा पाय सरकला, मनगट महिनाभर प्लॅस्टरमध्ये. घरात म्हातारी माणसं असतील तर नकोच.

साबणवेडी: प्रिझर्वेटिव्ह विसरू नका! एका दुकानाने विकलेल्या माझ्या गुलाबपाण्यात आठवड्यात काळे ठिपके आले, पैसे परत दिले नाहीत.

रसायनवाला: अनुजांच्या बाटलीत पाणीच नाही, त्यामुळे प्रिझर्वेटिव्ह लागणार नाही. ओला चमचा मात्र घालू नका. ई जीवनसत्त्व तेल खवट होण्यापासून जपतं, बुरशी थांबवत नाही. लोक दोन्हीची गल्लत करतात.

ठाणे_वेस्ट: मायरिस्टेट चेहऱ्याला लावू नका, माझ्या मुलीला पुटकुळ्या आल्या. अंगाला चालतं.

साबणवेडी: 400 मध्ये काही होत नाही ताई, हजार धरा. काटा घ्याच.

अनुजा_स: सगळ्यांचे आभार. सासूबाईंचा गुडघा दुखतो, त्यामुळे फरशीचं ऐकून बादलीत तेल घालायचा बेतच सोडला. तिळाचं तेल कोमट करून अंगाला चोळायचं, नंतर उटणं. वासासाठी गरम पाण्यात वाळ्याच्या मुळांची जुडी मलमलच्या पुरचुंडीत. पॉलिसॉर्बेट नाही, मायरिस्टेट नाही. ताईलाही तेलाची बाटली आणि पुरचुंडी देईन. मंडईत जुडी मिळेल ना?

रसायनवाला: मला अजूनही 80 चाच प्रयोग करायला आवडला असता. तुमचं तुम्ही ठरवा.

कोथरूडची_माई: मंडईत, पूजेच्या सामानाच्या दुकानात विचार. मुळं आधी दोन-तीन पाण्यांत धुऊन घे, माती फार निघते. आणि रात्रीच भिजत टाक, सकाळी टाकलीस तर वास उतरत नाही.