उत्तर कोरिया: माणसं बाहेर, ट्रे आत

भातखाचर: सप्टेंबर २०१७ पासून अमेरिकनांना उत्तर कोरियात जायला खास पासपोर्ट लागू लागला. डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध आवळले आणि मदतीच्या सामानातल्या धातूच्या किरकोळ वस्तूंनाही सूट मागायची वेळ आली. जानेवारी २०२० मध्ये कोविडपायी कोरियानेच सीमा बंद केली.

क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाची मदतसंस्था, अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी, १९८० पासून तिथे जात होती. त्यांनी सहकारी शेतांवर भाताची रोपं प्लास्टिकच्या ट्रेमध्ये वाढवायला शिकवलं. वाफ्यातलं रोप उपटताना मुळं तुटतात, ट्रेमधलं मातीच्या गोळ्यासकट अलगद निघतं. लावणी केलेल्याला यातली गंमत कळेल! माणसं बाहेर अडकली, ट्रे आतच राहिले. उद्या आपण इथे नसू, हे धरूनच धर्मादाय संस्थांनी काम करावं, असं माझं मत.

डॉटवाली: औषधाच्या गोळ्या काय ट्रेमध्ये उगवतात? मी क्षयरोग केंद्रात काम केलंय. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो आणि माणूस यायचा बंद होतो, मग त्याच्या घरी खेटे घाला. युजीन बेल फाउंडेशन या धर्मादाय संस्थेची माणसं दर सहा महिन्यांनी कोरियात जायची, थुंकीचे नमुने घ्यायची, रुग्णाचं नाव लिहिलेली औषधाची खोकी द्यायची. औषधांना न जुमानणारा टीबी, दीडेक वर्षाचा उपचार. मध्येच तुटला तर जंतू आणखी निबर. तुमच्या हिशेबाने या रुग्णांना हातच लावायचा नाही का?

भातखाचर: लावायचा. पण सहा महिन्यांच्या फेरीवर पुढच्या सहा महिन्यांचा जादा साठा ठेवायचा.

डॉटवाली: औषधांना मुदत असते हो. आणि पैसे कुणाचे?

उंबरठा: दोघांचंही मूळ दुखणं राहिलंच. तिथे गेलेल्या संस्थांनी धर्माबद्दल बोलायचं नाही, सरकारबद्दल बोलायचं नाही, सरकारी माणसं नेतील तिथेच जायचं. इतकी वर्षं मूग गिळून बसले, तरी दार बंदच झालं ना?

भातखाचर: बोलणाऱ्यांचं काय झालं? कोरियन-अमेरिकन मिशनरी केनेथ बे तिथे पर्यटक घेऊन जायचे आणि सोबत धर्मकार्यही करायचे. २०१३ मध्ये १५ वर्षांची सक्तमजुरी झाली, सुटले २०१४ च्या नोव्हेंबरात. अशाने बाकीच्यांच्या बॅगाही उलटसुलट तपासल्या जाणार.

उंबरठा: म्हणजे दोष बे यांचा, बॅगा उचकणाऱ्यांचा नाही? वा!

डॉटवाली: तुम्ही भांडा. खोक्यावर ज्याचं नाव होतं, त्याला २०२० च्या उन्हाळ्यात गोळी कुणी दिली, एवढंच मला सांगा.