बेसचे स्थान गृहीत धरून केलेली मोजणी नंतर कशी दुरुस्त करावी?

प्रश्न (खाजगी सर्वेक्षक, नागपूर)

नमस्कार. हिंगणा तालुक्यातील सुमारे अकरा एकरांच्या एका शेताची मोजणी मी आरटीके पद्धतीने (उपग्रह संकेत घेणारे एक उपकरण, म्हणजे बेस, एका जागी स्थिर ठेवून आणि दुसरे, म्हणजे रोव्हर, पोलवर बसवून प्रत्येक बिंदूवर नेत) दोन दिवसांत केली. विहिरीजवळ सिमेंटमध्ये खिळा बसवून त्यावर बेस उभा केला. त्या खिळ्याचे खरे निर्देशांक जवळ नसल्यामुळे उपकरणाने त्या क्षणी दाखवलेले स्थान तसेच स्वीकारले. दुसऱ्या दिवशी बेस त्याच खिळ्यावर लावला, परंतु आदल्या दिवशीचे निर्देशांक भरण्याऐवजी माझ्याकडून पुन्हा नवे स्थान घेतले गेले, आणि आता दोन दिवसांचे नकाशे एकमेकांवर बसत नाहीत. चार बिंदू दोन्ही दिवशी मोजलेले आहेत. दुसऱ्या दिवसाच्या आकड्यांतून पहिल्या दिवसाचे वजा केल्यास पूर्वेकडे १.८३, १.८४, १.८२, १.८३ मीटर, उत्तरेकडे उणे २.४१, २.४०, २.४२, २.४१ मीटर आणि उंचीत ३.९६, ३.९७, ३.९५, ४.१६ मीटर असा फरक येतो. दुसऱ्या दिवशी बेसवर उपग्रह संकेतांची साडेचार तासांची कच्ची नोंद साठवलेली आहे. सगळी मोजणी पुन्हा करावी लागेल का?

उत्तर १

पुन्हा मोजण्याची गरज नाही. रोव्हर प्रत्येक बिंदूचे बेसपासूनचे अंतर व दिशा मोजतो आणि ती बेसच्या भरलेल्या निर्देशांकांत मिळवतो. त्यामुळे बेसचे स्थान जितके चुकले असेल तितकीच आणि त्याच दिशेची चूक प्रत्येक बिंदूत उतरते. आपले फरक एका सेंटीमीटरच्या आत जुळतात, यावरून ही निव्वळ सरक आहे हे स्पष्ट दिसते. बेस चुकल्याने अंतरांवरही थोडा परिणाम होतो, पण उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर असल्यामुळे बेसमधील वीस मीटरची चूक अंतरात दशलक्षात सुमारे एक भाग इतकाच फरक पाडते. आपली चूक काही मीटरचीच असल्याने एका शेताच्या आवाक्यात तो परिणाम एक मिलिमीटरही भरत नाही.

कच्ची नोंद भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स केंद्रांच्या (उपग्रह संकेत सतत नोंदवणाऱ्या, स्थान ज्ञात असलेल्या स्थिर केंद्रांच्या) नोंदींसोबत सोडवून खिळ्याचे खरे निर्देशांक काढावेत. खऱ्यातून गृहीत वजा केले की दुरुस्ती मिळते आणि ती प्रत्येक बिंदूत मिळवायची असते. येथे चिन्ह उलटे धरल्यास चूक दुप्पट होते, आणि असे प्रसंग मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत. दोन्ही दिवसांच्या दुरुस्त्या स्वतंत्रपणे काढाव्यात. पहिल्या दिवसाच्या दुरुस्तीतून दुसऱ्या दिवसाची वजा केल्यावर १.८३, उणे २.४१ आणि ३.९६ हेच आकडे आले पाहिजेत. उंची तेवढी जुळली नाही, तर एखाद्या दिवशी अँटेनाची उंची चुकीची भरली गेली आहे असे समजावे.

चौथ्या बिंदूची उंची मात्र या सरकेत बसत नाही. नेमका वीस सेंटीमीटरचा फरक पोलचा असतो: पोल १.८० वरून २.०० मीटर केला आणि कंट्रोलरमध्ये (रोव्हरच्या हातातील यंत्रात) जुनीच उंची राहिली. त्या बिंदूनंतर घेतलेली सर्व वाचने वेळेच्या क्रमाने तपासावीत.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु एक इशारा आवश्यक वाटतो. पुष्कळ जण अशा वेळी बांधावरचे दगड नकाशावर बसवण्यासाठी सॉफ्टवेअरमधील कॅलिब्रेशन वापरतात. त्यात सरकेबरोबर फिरवणे आणि ताणणेही होते, आणि दगड हललेला असेल तर त्याची चूक सगळ्या शेतात पसरते. आपल्याला केवळ सरक हवी आहे. क्षेत्रफळ व बाजूंची लांबी दुरुस्तीनंतर बदलता कामा नये.

टोटल स्टेशनवर (कोन व अंतर मोजणाऱ्या उपकरणावर) उत्तर दिशाही गृहीत धरली असती तर प्रश्न वेगळा झाला असता. नागपूर यूटीएमच्या (पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे करून मीटरमध्ये निर्देशांक देणाऱ्या नकाशा पद्धतीच्या) ४४ व्या पट्ट्यात, ८१ अंश मध्य रेखावृत्ताच्या बरेच पश्चिमेस आहे. त्यामुळे शहरात ग्रिडची (नकाशावरील चौकटीची) उत्तर खऱ्या उत्तरेपासून सुमारे ४१ मिनिटांनी पश्चिमेकडे कललेली असते, म्हणजे एका किलोमीटरवर सुमारे बारा मीटर. ग्रिडचा गुणक, म्हणजे ग्रिडवरील लांबीचे पृथ्वीच्या पृष्ठावरील लांबीशी असलेले प्रमाण, शहरात साधारण १.००००८ असून हिंगण्याकडे तो आणखी वाढतो. म्हणून टेपने मोजलेली बाजू ग्रिडवरील लांबीशी थेट ताडून पाहू नये.

उत्तर ३

उंचीविषयी थोडे लिहितो. उपकरण लंबवर्तुळापासूनची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) उंची देते, आणि आपल्याकडे ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा बरीच कमी भरते, म्हणून त्यांची सरमिसळ करू नये. काही जण अशा कामासाठी नागपुरातील झिरो माइल स्तंभाचा आधार सुचवतात. त्या स्तंभाजवळचे १९०७ चे चिन्ह तलेक्षणाचे, म्हणजे उंचीचे आहे. त्याची नोंदलेली उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३१०.९५ मीटर आहे. आडव्या निर्देशांकांसाठी ते चिन्ह उपयोगी नाही.

तसेच खरे निर्देशांक पीपीपी सेवेतून (एकाच उपकरणाच्या नोंदीवरून अचूक स्थान काढून देणाऱ्या सेवेतून) घेतल्यास ते मोजणीच्या दिवसाचे असतात. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो; त्यामुळे बऱ्याच वर्षांपूर्वीचे निर्देशांक असलेल्या केंद्राशी ते मिसळल्यास काही डेसिमीटरची नवी चूक तयार होते. संपूर्ण शेतासाठी एकच आधार ठेवावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. कॉर्सच्या नोंदींसोबत सोडवल्यावर दुसऱ्या दिवसाची दुरुस्ती पूर्वेकडे उणे ०.६२, उत्तरेकडे १.१५, उंचीत उणे २.३० मीटर आणि पहिल्या दिवसाची अनुक्रमे १.२१, उणे १.२६ व १.६६ मीटर निघाली. वजाबाकी तिन्ही दिशांना जुळते. पोलची शंकाही खरी ठरली. चौथ्या बिंदूपासून पुढचे चौदा बिंदू वीस सेंटीमीटर उंच होते, ते खाली आणले. काल खऱ्या निर्देशांकांवर बेस लावून पूर्वी मोजलेले तीन कोपरे पुन्हा मोजले, तेव्हा तिन्ही दोन सेंटीमीटरच्या आत आले. शेताचे क्षेत्रफळ बदललेले नाही. मालकांना मी हेही स्पष्ट सांगितले आहे की हा नकाशा आखणीसाठी आहे आणि हद्दीबाबत वाद असल्यास भूमी अभिलेख विभागाची मोजणीच ग्राह्य धरावी लागेल.