मदत हवी आहे: आजोबांना कळेल असा झोपेबद्दलचा एक प्रश्न

नमस्कार. मी मूळची वाईची. पुण्यात पीएचडी केली, गेलं दीड वर्ष मॉन्ट्रियलमध्ये पोस्टडॉक करते आहे. कंपवात, म्हणजे पार्किन्सन, आणि त्याच्या जातकुळीतले आजार दिसू लागण्याआधी झोप कशी बिघडते, हा माझा विषय. प्रयोगाचं काम नीट चाललंय. मी अडले आहे ती एका मराठी वाक्यापाशी.

आपल्याला ठळक स्वप्नं पडतात ती बहुतेक रेम झोपेत. तेव्हा डोळे हलतात, श्वास चालू असतो, पण मेंदूच्या बुंध्यातून निघणारे संदेश हातापायांचे स्नायू सैल सोडून ठेवतात. काहींच्या बाबतीत हा बंदोबस्त ढिला पडतो. मग स्वप्नात कुत्रा अंगावर आला की माणूस अंथरुणात खरीच लाथ झाडतो. मिनिआपोलिसच्या कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी १९८६ साली या विकाराचं वर्णन केलं. याला आरबीडी, म्हणजे रेम झोपेतल्या वर्तनाचा विकार, म्हणतात. २०१९ साली २४ केंद्रांतल्या १,२८० रुग्णांचा अभ्यास छापून आला. त्यात दर वर्षी साधारण ६.३ टक्के लोकांना कंपवात, स्मृतिभ्रंश किंवा त्याच जातकुळीतला एखादा आजार जडत गेला. बारा वर्षांचा हिशेब ७३.५ टक्क्यांवर जातो.

आमचे आजोबा साठीत असताना साखरझोपेत ‘हाड् हाड्’ करून ओरडायचे. स्वप्नात उसात रानडुकरं शिरलेली असायची. एकदा त्यांचा ठोसा आजीच्या खांद्याला लागला आणि तिने आपली गादी माजघरात नेली. नऊ वर्षांनी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. मधल्या काळात कुणी डॉक्टरांना काही सांगितलं नाही, कारण हे दुखणं आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

आरबीडी ओळखायला एकच प्रश्न विचारायची पद्धत २०१२ साली तपासली गेली. झोपेच्या प्रयोगशाळेत निदान पक्कं झालेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के लोक त्या एका प्रश्नात सापडले. मूळ प्रश्न इंग्रजीत आहे. झोपेत तुम्ही स्वप्नातल्यासारख्या हालचाली करता, असं तुम्हाला कुणी सांगितलंय का किंवा स्वतःला वाटलंय का, असा त्याचा आशय. त्याचं मराठी मी ‘स्वप्नानुसार अभिनय करता का’ असं केलं आणि फोनवर मावशीआजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘नाटकातलं विचारतेस का गं?’ ‘झोपेत बरळता का’ असं विचारलं तर निम्मं गाव हो म्हणेल, आणि ‘झोपेत चालता का’ हा वेगळाच प्रकार. तो गाढ झोपेत, बहुधा रात्रीच्या सुरुवातीला होतो आणि जागं केलं तर माणूस गोंधळलेला असतो. आरबीडीवाला मात्र बहुधा लगेच जागा होतो आणि पुष्कळदा स्वप्नही सांगतो.

तर विचारायचं हे: तुमच्याकडे याला काय म्हणतात? आणि एकटं झोपणाऱ्याला हे कसं विचारायचं? कृपया कुणाची नावं किंवा कागदपत्रं इथे टाकू नका, मला फक्त शब्द हवे आहेत.

वडगावकर: आमच्याकडे ‘चावळणं’ म्हणतात. पण चावळणं म्हणजे नुसती बडबड. हातपाय आले की ‘झोपेत झटापट करतो’ म्हणतात. काही घरांत ‘बाहेरचं’ म्हणून अंगाराही लावतात, त्यामुळे विचारताना आवाजात काळजी आणू नका, माणसं गप्प होतात.

सिस्टरताई: तीस वर्षं वॉर्डात काढली. एकट्या माणसाला हालचाली विचारू नका, खुणा विचारा. उशाशी ठेवलेला तांब्या लवंडलेला असतो का? जाग येते तेव्हा जमिनीवर असता का? हाताला कुठे लागलंय आणि कधी ते आठवत नाही, असं होतं का? सुना सासऱ्यांना तोंडावर सांगत नाहीत, म्हणून घरच्यांना बाजूला घेऊन वेगळं विचारा.

रानजाई: ताई, एक आधी सांगते. माझ्या यजमानांना हेच आहे. पहिल्याच भेटीत आम्हाला टक्केवारी ऐकवली गेली. त्यानंतर कित्येक महिने ते चमचा धरलेला हात बघत जेवायचे. पलंगाशेजारचं टेबल हलवा, गादी खाली घ्या, हे दुसऱ्याच कुणीतरी नंतर सांगितलं. तुमच्या प्रश्नाला कुणी ‘हो’ म्हटलं, तर पुढचं वाक्य काय असेल? तेही लिहून ठेवा.

धागाकर्ती: रानजाई, तुमचा प्रतिसाद वाचून मी कालचा मसुदा बाजूला ठेवला. पुढचं वाक्य मी लिहिलंच नव्हतं. आता लिहिलं आहे: ‘यावरून आजार ठरत नाही. झोपेत श्वास अडकला तरी असं दिसतं, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही होतं. खात्री करायला एक रात्र हनुवटीच्या स्नायूंची नोंद आणि व्हिडिओ घ्यावा लागतो. तोवर पलंगाजवळ टोकदार काही ठेवू नका. झोपेतली ही झटापट कमी करायला मेलॅटोनिन किंवा क्लोनाझेपाम देतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच.’ कंपवात थांबवणारं औषध अजून हातात नाही. त्यामुळे आकडे ऐकायचे की नाही, हे आधी त्या माणसालाच विचारायचं, असं मी ठरवलं आहे.

आणि प्रश्न आता असा झाला आहे:

‘झोपेत तुम्ही हात उगारता, लाथा झाडता, पळाल्यासारखे पाय हलवता, जणू स्वप्नातलंच करताय, असं घरातल्या कुणी कधी म्हटलंय का? किंवा जाग आल्यावर तांब्या लवंडलेला, पांघरूण भलतीकडे, स्वतः पलंगाखाली, असं झालंय का?’

सिस्टरताई, तांब्या तुमचाच. शास्त्रीय भाषांतरात हा दुसरा भाग वेगळा प्रश्न म्हणून तपासावा लागेल, पण तो मी सोडणार नाही. विदर्भ, मराठवाडा आणि कोकणातल्यांनी हा प्रश्न घरातल्या साठीपुढच्या एकाला मोठ्याने वाचून दाखवाल का? ते काय उत्तर देतात ते मला नको आहे. ‘म्हणजे काय?’ असं ते कोणत्या शब्दाला विचारतात, तेवढं कळवा.