कर्लिंगमधली स्किप नक्की करते काय?

बर्फाळ_बंड्या:
ऑलिंपिकच्या क्लिपा बघता बघता कर्लिंगच्या नादी लागलोय, म्हणजे बर्फावरून दगड सरकवून पलीकडच्या वर्तुळाच्या मध्याजवळ थांबवायचे, तो खेळ. दोघीजणी दगडापुढे जीव तोडून बर्फ घासतात आणि पलीकडे एक बाई ब्रश टेकवून नुसती ओरडत उभी. तिला स्किप म्हणतात एवढं कळलं. पण ह्यात वीस-वीस वर्षं करिअर कसं होतं? ओरडायचंच असेल तर आमची आईपण जाईल की.

सोंगटीबहाद्दर:
एका एन्डला, म्हणजे एका डावाला, टीमला आठ दगड, प्रत्येकीला दोन, आणि शेवटचे दोन बहुतेक स्किपचेच. म्हणजे आधीच्यांनी जो पसारा केलाय तो हिनं निस्तरायचा. कॅरमला क्वीन घेतलीय, कव्हर बाकी आणि सोंगटी दुसरीच्या आड, तसं. फक्त स्ट्रायकर वीसेक किलोचा ग्रॅनाइटचा आणि बोर्ड जवळपास दीडशे फूट लांब.
जेनिफर जोन्सचा २००५ चा शॉट बघ. स्कॉटीज म्हणजे कॅनडाची बायकांची नॅशनल, तिची फायनल, शेवटचा दगड, ४-६ ने मागे, समोरच्यांचा दगड मध्यावर आणि तोही आडोशाला. बाईनं वर्तुळाच्या पार बाहेर पडलेल्या दगडाला कट मारला, तिथून तिचा दगड तिरका आत आला आणि मधला उडवला. मग मध्याजवळचे चारही दगड हिचेच, म्हणून चार पॉइंट, ८-६. मी तर खुर्चीतून उठलो होतो.

विनीपेगची_वहिनी:
आमच्या विनीपेगची आहे ती, कॅनडातल्या!! उणे तीसमध्ये माणूस दुसरं करणार काय म्हणा. पेशानं वकील. एकूण सहा स्कॉटीज, दोन वर्ल्ड. २०१२ मध्ये गुडघ्याचं ऑपरेशन आणि बाळंतपण एकाच वर्षात, आणि २०१४ ला सोचीत ११ पैकी ११ जिंकून गोल्ड, त्याआधी बायकांत कोणी एकही मॅच न हरता ऑलिंपिक जिंकलं नव्हतं.

तिरकस_तात्या:
आणि जोन्सच्याच टीममधली कॅथी ओव्हरटन-क्लॅफम? २०१० ला लागोपाठ तिसरी स्कॉटीज जिंकून आल्यावर तिला टीममधून काढलं, तिच्या जागी केटलिन लॉज. पुढच्या वर्षी कॅथी स्वतः मॅनिटोबाची (विनीपेगचा प्रांत) स्किप होऊन आली आणि लीगमध्ये जोन्सला हरवून गेली. मला जाम आनंद झाला होता, लपवत नाही.

विनीपेगची_वहिनी:
तात्या, वाईट मलापण वाटलं होतं. पण सोचीत तीच लॉज होती ना. टीम बदलली की वाईटपणा स्किपच्याच माथी, जिंकली तरी आणि हरली तरी.

बर्फाळ_बंड्या:
शॉट तीनदा बघितला, आई कॅन्सल. जोन्स अजून खेळते का?

सोंगटीबहाद्दर:
चौघींच्या टीममधून २०२४ ला थांबली. शेवटच्या स्कॉटीजला वय ४९, बाकीच्या पोरी निम्म्या वयाच्या, तरी फायनल गाठली आणि रेचल होमनकडून एका पॉइंटनं हरली. नवऱ्याबरोबर मिक्स्ड डबल्सपण खेळलीय, तिथे टीममध्ये दोघंच, त्यामुळे झाडू हिलापण मारावा लागतो.