डिस्क पुसण्याआधी बूट मोड बघा

पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना 'निवडलेली डिस्क जीपीटी पद्धतीची आहे, इथे विंडोज इन्स्टॉल करता येणार नाही' असा संदेश आला की सगळी पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) उडवून डिस्क एमबीआर करा, हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. या भागांचा तक्ता डिस्कवर ठेवायची एमबीआर ही जुनी पद्धत, जीपीटी ही नवी. त्याने काम पुढे सरकतं खरं, पण डिस्कवरचा सगळा डेटा जातो, आणि बहुतेक वेळा डिस्कचा काही दोष नसतोच. संगणक सुरू (बूट) करायच्या दोन पद्धती आहेत, जुनी बायॉस आणि नवी यूईएफआय; पेनड्राइव्ह जुन्या बायॉस पद्धतीने बूट झालेला असतो आणि त्या पद्धतीत विंडोज जीपीटी डिस्कवरून सुरू होत नाही. संदेश नेमकं हेच सांगत नाही. बूट मेनूत, म्हणजे संगणक कशावरून सुरू करायचा ते निवडायच्या यादीत, तोच पेनड्राइव्ह बऱ्याचदा दोनदा दिसतो. ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलंय तो निवडून बघा. तशी नोंदच नसेल तर पेनड्राइव्ह यूईएफआयसाठी नव्याने बनवावा लागेल.

याहून मला छळलं ते लिनक्स टाकताना. ८० जीबी मोकळी जागा समोर दिसत होती आणि इन्स्टॉलर तिला 'निरुपयोगी' म्हणत होता. डिस्क खराब झाली असं समजून मी दोन रात्री तिची तपासणी करत बसलो. कारण एवढंच होतं की एमबीआरच्या तक्त्यात ४च नोंदी मावतात आणि चारही प्रायमरी पार्टिशनांनी (थेट तक्त्यात नोंद लागणाऱ्या भागांनी) भरल्या होत्या. बॅकअप घेऊन, मोकळ्या जागेला लागून असलेलं पार्टिशन काढलं, तिथे एक्स्टेंडेड पार्टिशन केलं (ते एकच नोंद घेतं, पण त्याच्या आत अनेक भाग मावतात) आणि त्यात लॉजिकल, म्हणजे आतली, पार्टिशन पाडली. 'तक्ता भरलाय' एवढे दोन शब्द तिथे लिहायला हवे होते.