व्हर्जिनियाला जाताना ईव्हीत (इलेक्ट्रिक गाडीत) रडार डिटेक्टर आणि लेझर जॅमर लावावा का?

एडिसनकर:
नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो, ताई रिचमंडला, म्हणून महिन्यातून एकदा तरी आय-९५ हायवेने खाली जाणं होतंच. गेल्या वर्षी टेस्लाची मॉडेल वाय घेतली आणि तेव्हापासून वेगाचा अंदाजच येत नाही. जुन्या गाडीत ताशी ७५ मैलांच्या वर गेलं की इंजिनच्या आवाजावरून कळायचं, आता मागे पोरगं झोपलेलं, गाणी हळू लावलेली, आणि स्क्रीनवर ८२ कधी झाले ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मागच्या महिन्यात तिकीट मिळालंच. ऑफिसातला मित्र म्हणतो डिटेक्टर घे, म्हणजे पोलिसांचं वेग मोजणारं रडार असलं की बीप होतो, आणि सोबत त्यांच्या लेझर गनला वेग मोजू न देणारा लेझर जॅमरही बसवून टाक. कुणी लावलंय का? कनेक्शन कुठून घेता?

वायरिंगवाला:
मी डिटेक्टर वापरलाय. कन्सोलमधल्या १२ व्होल्टच्या सॉकेटला लावा, सोपं आहे, वायर कापू नका. नवीन गाड्यांत लेड-ॲसिड जाऊन लिथियमची छोटी बॅटरी आलीये, तिचं व्होल्टेज साडेपंधराच्या आसपास असतं, तेव्हा घेताना डिटेक्टरला किती चालतं ते बघून घ्या. दुसरं म्हणजे काच. ऊन अडवणारा धातूचा थर असलेली काच असेल तर डिटेक्टरला कमी ऐकू येतं, अशा गाड्यांत आरशाजवळ टोल टॅगसाठी थोडी जागा मोकळी सोडलेली असते, तिथेच बसवा. आणि के बँडवर (रडारच्या लहरींचा एक पट्टा) सारखा ओरडेल हे धरून चाला, कारण बऱ्याच गाड्यांचे ब्लाइंड स्पॉटचे सेन्सर त्याच २४ गिगाहर्ट्झवर चालतात, शेजारच्या लेनमधून एसयूव्ही गेली की बीप. पोलिसांचं रडार आजकाल जास्त करून केए बँडवर असतं, ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झच्या मध्ये, तो बीप आला की मात्र खरं समजायचं.

रिचमंडची मावशी:
एडिसनकर दादा, थांबा जरा. व्हर्जिनियात साध्या गाडीतसुद्धा डिटेक्टर वापरायला बंदी आहे, वॉशिंग्टन डीसीतही. नुसता काचेवर दिसला तरी वापरताय असंच धरतात. आणायचाच असेल तर मेरीलँडमध्येच वायर काढून डिक्कीत बॅगेखाली ठेवा, हात पोचेल असा ग्लव्ह बॉक्समध्ये नको. जॅमर तर त्याच कायद्यात येतो आणि तो बंपरमध्ये फिट केलेला असतो, व्हर्जिनियात शिरणाऱ्या पुलाआधी काढून ठेवणार कसा?
आणि इथे तिकिटावर भागत नाही हो. लिमिटच्या २० वर किंवा ८५ च्या वर गेलात की रेकलेस ड्रायव्हिंग, तो फौजदारी गुन्हा आहे, कायद्यात १२ महिन्यांपर्यंत जेल आणि २५०० डॉलरपर्यंत दंड लिहिलाय. आमच्या ओळखीतला एक मुलगा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, त्याला वकील करून कोर्टात उभं राहावं लागलं, व्हिसा स्टॅम्पिंगच्या फॉर्ममध्ये अटक-शिक्षेचा प्रश्न आला तेव्हा रात्रभर झोपला नव्हता बिचारा. तुम्ही पोराला घेऊन येता, म्हणून एवढं लिहितेय.

वायरिंगवाला:
मावशींचं बरोबर आहे, जॅमरचं मी पण नाहीच म्हणेन. पोलिसांच्या गनचं लेझर म्हणजे ९०४ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड झोत, हजार फुटांवर जेमतेम ३ फूट रुंद, पोलीस सरळ नंबर प्लेटवर नाहीतर हेडलाइटवर धरतो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत वेग दिसतो, म्हणजे डिटेक्टर वाजला तेव्हा काम झालेलं असतं. जॅमर उलटे पल्स सोडून गनला रीडिंग मिळू देत नाही, पण कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय अशा बऱ्याच राज्यांत तो चालत नाही. शिवाय ईव्हीला ग्रिल नसते, जॅमरचे सेन्सर बसवायला बंपर कापावा लागतो.

टोरांटोकर:
कुणी इकडे यायचा बेत करत असेल तर ऑन्टारियोत डिटेक्टर गाडीत सापडला तरी जप्त करतात, बंद असला तरी. मेरीलँडमध्ये रस्त्याचं काम चालू असतं तिथे कॅमेरे असतात ते वेगळंच.

रिचमंडची मावशी:
एक सांगायचं राहिलं, तुमच्याच गाडीत सेटिंगमध्ये स्पीड लिमिट वॉर्निंग आहे, तिथे चाइम (लिमिट ओलांडली की वाजणारी सूचना) चालू करता येतो. आमच्या ह्यांनी केलाय, पहिले दोन दिवस वैताग येतो, मग पाय आपोआप उचलला जातो.

एडिसनकर:
मावशी, खूप आभार. जॅमरची ऑर्डर आत्ताच रद्द केली, डिटेक्टरचाही विचार सोडला, दर वेळी काढ-घाल कोण करणार. चाइम सापडला. ह्यांनी लिमिटच्या किती वर ठेवलाय? मी सध्या ५ वर ठेवतोय, शनिवारी पहाटे निघायचंय.